मोतीबिंदू ओढून काढणारी पोकळ सुई : अम्मार अल-मौसिली यांची कहाणी

मुलुंडमध्ये डोळ्यांच्या कुठल्याही दवाखान्यात सकाळी जाऊन बसा. बाकावर आठ-दहा वडीलधारी मंडळी असतात, सोबत सून नाहीतर नातू. प्रत्येकाची काळजी वेगळी. एखाद्या नानींना वाटतं, मोतीबिंदू अजून पिकला नाही, कशाला घाई? कुणाला नमाजमध्ये सजदा पुन्हा कधी करता येईल याची चिंता. आणि दम्याचा त्रास असलेल्या चाचांना प्रश्न पडलेला असतो, की आपल्याला उताणं झोपताच येत नाही, मग ऑपरेशन होणार कसं?

या चाचांची अडचण नवी नाही. साधारण एक हजार वर्षांपूर्वी एका रुग्णाने हीच अडचण आपल्या हकिमापुढे मांडली होती. त्या हकिमाचं नाव अबुल कासिम अम्मार इब्न अली अल-मौसिली. इब्न सिना आणि इब्न अल-हैथम ही नावं आपल्या मुलांना माहीत असतात. नेत्रवैद्यकाच्या इतिहासात अम्मार यांचंही नाव तितक्याच आदराने घेतलं जातं, आपल्या घरांत मात्र ते फारसं पोहोचलेलं नाही.

मोसुल ते काहिरा

अम्मार मूळचे इराकमधल्या मोसुलचे, म्हणून अल-मौसिली. डोळ्यांचे वैद्य म्हणून ते गावोगाव फिरले. इराक, खुरासान, फिलिस्तीन असा प्रवास करत ते मिसरला पोहोचले आणि काहिऱ्यात स्थिरावले. तेव्हा तिथे फातिमी खलिफा अल-हाकिम यांची सत्ता होती (इ.स. 996 ते 1021). प्रकाश आणि दृष्टी यांवर मूलभूत काम करणारे इब्न अल-हैथमही याच काळात काहिऱ्यात होते. एकाने डोळा पाहतो कसा ते शोधलं, दुसऱ्याने न पाहणाऱ्या डोळ्याला पुन्हा दिसावं म्हणून हात चालवला.

काहिऱ्यात अम्मार यांनी डोळ्यांच्या रोगांवरील उपचारांचा ग्रंथ लिहिला आणि तो खलिफांना अर्पण केला. 'अल-मुन्तखब' या नावाने तो ओळखला जातो. आधी डोळ्याची रचना, मग पापणीपासून आतल्या भागापर्यंत एकेक रोग आणि त्याचा इलाज, अशी त्याची मांडणी. त्याच सुमारास बगदादमध्ये अली इब्न ईसा यांनी लिहिलेला मोठा ग्रंथ पुढे शतकानुशतके शिकवला गेला. अम्मार यांचा ग्रंथ आटोपशीर, पण त्यात स्वतः केलेलं आणि पाहिलेलं जास्त आहे. मोतीबिंदूच्या सहा ऑपरेशनांची हकिकत त्यांनी त्यात वेगवेगळी नोंदवून ठेवली. आज ज्याला आपण केस पेपर म्हणतो, त्याचीच ही जुनी बहीण.

तिबेरियातला रुग्ण

त्या काळी मोतीबिंदू काढत नसत, बसवत असत. डोळ्यात सुई घालून गढूळ झालेला भाग बाहुलीच्या मागून खाली ढकलायचा, म्हणजे प्रकाशाला वाट मिळते. आपल्याकडे सुश्रुतसंहितेतही ही पद्धत आहे. अडचण अशी की खाली ढकललेलं पुन्हा वर येऊ शकतं. म्हणून रुग्णाला कितीतरी दिवस उताणं, न हलता पडून राहावं लागे. खोकला, शिंक, सगळ्याचीच धास्ती. शिवाय मोतीबिंदू मऊ असेल तर तो सुईने नीट ढकलला जात नसे. तो घट्ट होण्याची वाट पाहावी लागे. मोतीबिंदू पिकू द्यावा ही जी समजूत आपल्या घरांत आजही आहे, तिचं मूळ अशा जुन्या पद्धतींत आहे.

अम्मार यांनी धातूची पोकळ सुई तयार करवून घेतली. नळीने मोतीबिंदू ओढून घेण्याचा उल्लेख आधी अल-राझी यांच्या ग्रंथातही सापडतो, पण ती नळी काचेची, फुटण्याची भीती असलेली. अम्मार यांची सुई डोळ्याच्या पांढऱ्या भागातून आत जाई आणि मऊ मोतीबिंदू ओढून बाहेर काढी. सुई तयार होती, तरी त्यांनी ती लगेच कुणावर वापरली नाही.

मग तिबेरिया गावात एक माणूस त्यांच्याकडे आला. काय हवं ते करा, पण मला उताणं झोपता येत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. जुनी पद्धत त्याच्या कामाची नव्हती. अम्मार यांनी त्याच्यावर पोकळ सुई वापरली. त्या माणसाला लगेच दिसू लागलं. पडून राहण्याची सक्ती उरली नाही, तो हवा तसा झोपला. डोळ्यावर पट्टी मात्र सात दिवस ठेवली. पुढे मिसरमध्ये अम्मार यांनी ही सुई अनेकांवर वापरली आणि या सुईने आपल्याआधी कुणी काम केलं नव्हतं, हेही नोंदवून ठेवलं.

आम्हाला या गोष्टीत सुईपेक्षा तो रुग्ण मोठा वाटतो. त्याची अडचण ऐकून घेतली गेली, म्हणून उपचार बदलला. आणि काय घडलं ते लिहिलं गेलं, म्हणून आज आपल्याला ते कळतं.

चूकही, दुरुस्तीही

अम्मार यांचं सगळंच बरोबर होतं असं नाही. त्यांच्या काळी मोतीबिंदू म्हणजे डोळ्यात उतरून गोठलेलं पाणी, अशी समजूत होती. युनानीतलं 'नुजूलुल मा' हे नाव त्यातूनच आलं. गढूळ होतं ते डोळ्याचं भिंगच, हे अठराव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात पक्कं झालं. अम्मार यांची सुईही सर्वत्र रुळली नाही. मोतीबिंदू बसवण्याचीच पद्धत पुढे कित्येक शतकं चालू राहिली.

त्यांचा ग्रंथ तेराव्या शतकात हिब्रूत गेला आणि 1905 मध्ये यूलियस हिर्शबर्ग यांच्यामुळे जर्मनमध्ये आला. दरम्यान 1747 मध्ये फ्रान्सच्या दाविएल यांनी गढूळ भिंग डोळ्याबाहेर काढलं. 1949 मध्ये लंडनला हॅरोल्ड रिडली यांनी कृत्रिम भिंग बसवलं. 1967 मध्ये अमेरिकेत चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी मोतीबिंदू फोडून पोकळ सुईतून ओढून घेतला. हाच आजचा फेको. पोकळ सुई परत आली, फक्त हजार वर्षांनी.

मुलुंडच्या बाकापर्यंत

आता सहा नोंदींवर भागत नाही. युरोपात 16 हजारांहून जास्त रुग्णांवर झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की ऑपरेशनच्या शेवटी डोळ्यात अँटिबायोटिक न दिल्यास जंतुसंसर्गाचा धोका जवळपास पाचपट होतो. 2007 मध्ये तो प्रसिद्ध झाला. आपल्या पुण्यातही एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात फेको आणि कमी खर्चाची, टाके न घालता लहान छेदाने होणारी शस्त्रक्रिया यांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी करून 400 डोळ्यांवर तुलना झाली. 2005 मध्ये निष्कर्ष आले. चष्म्याशिवायची नजर फेकोत थोडी सरस, पण चष्मा लावल्यावर दोन्हींत जवळपास सारखीच आणि दोन्ही सुरक्षित. ज्या घराला महाग ऑपरेशन परवडत नाही, त्याच्यासाठी हा केवढा दिलासा आहे.

म्हणून बाकावर बसलेल्या नानींना आम्ही सांगू, की पिकण्याची वाट पाहू नका. फार पिकलेला मोतीबिंदू कडक होतो आणि ऑपरेशन अवघड होतं. चाचांनी उताणं झोपता येत नाही हे डॉक्टरांना आधीच सांगावं. उशी उंच करून किंवा इतर सोय करून मार्ग काढता येतो. सजद्याचं, खुर्चीवर बसून नमाज पढण्याचंही आधीच विचारून घ्यावं. आणि कुणी नव्या उपचाराच्या अभ्यासात भाग घ्याल का असं विचारलं, तर घाबरू नये. संमतीपत्र आपल्या भाषेत मागावं, घरच्यांसमोर वाचून घ्यावं. नाही म्हणण्याचा हक्क आपल्याला आहे, आणि नकार दिला म्हणून नेहमीचा उपचार थांबत नाही.

तिबेरियातल्या त्या माणसाचं नावसुद्धा आज कुणाला ठाऊक नाही. पण आपली अडचण तो बोलला. आपल्या घरातल्या मोठ्यांनीही ती बोलावी, आणि सोबत गेलेल्यांनी त्यांना बोलू द्यावं.