बुचाचा मासा

दिवाळीच्या सुट्टीत नातू कराडला आला तो मासे धरायच्या काठीचा हट्ट घेऊनच. काठी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे कळकाचीच काठी आली. आम्ही पोरं कोयनेच्या कडेला बसायचो, गळाला गांडूळ लावायचं, दोरीला बुचाचा तुकडा बांधायचा, आणि बूच बुडालं की काठी वर उचलायची. एवढंच आमचं शास्त्र. या साहेबांना हवी होती ती क्रँकबेट फेकायची काठी.

क्रँकबेट म्हणजे बोटभर लांबीचा खोटा मासा. लाकडाचा नाहीतर प्लॅस्टिकचा. त्याच्या तोंडाशी ओठासारखी पुढे आलेली पट्टी असते. रिळावर तंगूस गुंडाळायला लागलं की पाण्याचा दाब त्या पट्टीवर येतो, मासा खाली बुडी मारतो आणि डावीउजवीकडे लटपटत पोहू लागतो. मरळीसारखा शिकारी मासा त्या लटपटीला फसतो.

दुकानात मी माझी अक्कल चालवली. आयुष्यभर बँकेत कर्जाच्या फायली पाहिलेला माणूस मी. तारण जितकं भक्कम तितकं बरं, हा माझा स्वभाव. सर्वांत ताठ आणि सर्वांत महाग काठी उचलली. नदीवर गेल्यावर तिनं माझी फजिती केली. हलका मासा फेकावा तर तो चार हातांवर पडायचा. एकदाच एक मरळ लागली, तिनं झटका दिला, काठी तसूभर वाकली नाही आणि गळ तिच्या ओठातून निसटून आला. नातू माझ्याकडे पाहत राहिला. मी त्याच्या डबीतला तो खोटा मासा हातात घेतला. त्याच्यावर नाव होतं, रापाला. मला वाटलं, कंपनीनं बनवलेलं काहीतरी नाव असेल. घरी येऊन शोधलं तेव्हा कळलं की ते एका माणसाचं आडनाव आहे, आणि तेही खरं म्हणजे त्याचं नव्हेच.

लाउरी रापाला फिनलंडमध्ये सिस्मा इथे २७ नोव्हेंबर १९०५ रोजी जन्मला. आईचं आडनाव सारिनेन. लाउरी सातेक वर्षांचा असताना आई त्याला घेऊन आसिक्काला भागात राहायला आली. तिथल्या चर्चच्या वहीत नोंद करताना पाद्रीबाबांना तिचं आडनाव आठवेना. त्यांनी ती ज्या वाडीहून आली तिचं नाव लिहून टाकलं, रापाला. फिनिश भाषेत ‘रापा’ म्हणजे चिखल. चुकीची नोंद दुरुस्त करून घेण्यासाठी खेटे घालणारी माणसं मी काउंटरपलीकडे खूप पाहिली आहेत. गरिबाच्या नावात चूक झाली की तीच त्याला जन्मभर चिकटते. लाउरीलाही ती चिकटली.

हिवाळ्यात जंगलात लाकूडतोड, उन्हाळ्यात पाइयान्ने तलावावर मासेमारी, असं त्याचं वर्ष जायचं. १९२८ मध्ये एल्माशी लग्न झालं, पोरंबाळं झाली, आणि त्याच सुमाराला जगभर मंदी आली. मासेमारीची त्याची रीत कष्टाची होती. लांबच लांब दोरीला शेकडो गळ, प्रत्येक गळाला एक छोटा मासा. ते आमिष रोज नव्यानं लावायचं. निम्मा दिवस त्यातच जायचा, आणि त्या वेळात मोठे मासे मिळत नसत ते वेगळंच.

पण हा माणूस वल्ही मारताना पाण्यात बघायचा. छोट्या माशांचे थवे चाललेले असत आणि मोठा मासा त्यांच्यात घुसे. तो कुणाला उचलतो? थव्यातल्या धडधाकट माशाला सहसा नाही. जो किंचित तिरका, थोडा अडखळत पोहतोय, त्याच्यावर झडप. हे त्यानं एकदा नव्हे, कित्येकदा पाहिलं. मग त्याच्या मनात आलं, असा अडखळणारा मासा आपणच केला तर रोज आमिष लावायची कटकट जाईल.

१९३६ साली त्यानं तो केला. बुचाचा तुकडा चांभाराच्या सुरीनं कोरला, पॉलिशकागदानं घासला. अंगाला चॉकलेटच्या वेष्टनाची चांदी लावली. वार्निश आणायला पैसे नव्हते, तेव्हा फोटोच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून त्यांचा लेप दिला. पाठ काळी, कुशी सोनेरी, पोट पांढरं. आम्ही ज्या बुचाला नुसतं तरंगत ठेवलं, त्याच बुचाला या माणसानं पोहायला शिकवलं! त्या काळात त्यानं एका दिवसात पावणेतीनशे किलो मासे आणल्याची दंतकथा सांगतात. कोळ्यांच्या गोष्टींतून वजा करायचं ते आपण करू. तरी उरतं ते थोडं नाही. पुढे बूच मिळेना तेव्हा झाडाची साल वापरली, आणि नंतर बाल्सा नावाचं पिसासारखं हलकं लाकूड.

त्याच्या कामातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. तयार झालेला प्रत्येक मासा पाण्यात ओढून पाहायचा, नीट लटपटत नसेल तर पुढची कडी जराशी वाकवून पुन्हा ओढायचा, आणि मगच डबीत. पुढे कारखाना झाला तरी ही रीत सोडली नाही.

आणि आता आपल्या कराडकरांचा विषय. हे मासे फिनलंडबाहेर गेले ते १९५२च्या हेलसिंकी ऑलिंपिकमुळे. खेळाडू आणि पाहुणे परत जाताना ते घेऊन गेले. त्याच हेलसिंकीत त्याच जुलैमध्ये आपल्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कुस्ती खेळत होते! २३ जुलैला त्यांनी कांस्यपदक जिंकलं. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले होते. परत आल्यावर १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. खाशाबांनी तो बुचाचा मासा पाहिला असेल असं मी म्हणत नाही; त्यांना कसली उसंत! पण लाउरीचे मासे आणि आपले खाशाबा एका गावच्या जत्रेत होते हे कळल्यावर मला लाउरी अगदी आपल्या पंचक्रोशीतला वाटायला लागला. हा माणूस माझ्या टेबलासमोर कर्ज मागायला आला असता, तर तारण म्हणून काय दाखवलं असतं? एक होडी आणि एक सुरी. मी फाईल परत पाठवली असती, हे इथे कबूल करतो.

पुढचं भराभर झालं. १९५९ मध्ये मिनेसोटाचा रॉन वेबर नावाचा अमेरिकन विक्रेता या माशाच्या मागे लागला आणि त्यानं मागणी पाठवली. १९६२च्या ऑगस्टमध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात या माशावर लेख आला. नेमक्या त्याच अंकाच्या मुखपृष्ठावर नुकतीच वारलेली मेरिलिन मन्रो होती. अंक अफाट खपला, आणि तिच्यासाठी घेतलेल्या अंकात लोकांना लाउरीचा मासा सापडला. लाखोंनी मागण्या आल्या. हातानं कोरणाऱ्या घराला त्या पुरवता येणं शक्यच नव्हतं. यंत्रं आली, मुलं धंद्यात उतरली. २० ऑक्टोबर १९७४ रोजी लाउरी गेला तेव्हा चर्चच्या वहीतलं ते चुकीचं आडनाव जगभरच्या नद्यांवर पोचलेलं होतं.

गंमत अशी की हा मासा त्यानं केला होता तो होडी वल्हवत मागे दोरी सोडून ओढण्यासाठी. फेकायची काठी कुठली घ्यावी हा प्रश्न आला तो पुढे, तो मासा दुसऱ्यांच्या हातात गेल्यावर. बाल्सा इतकं हलकं की ताठ काठीला त्याचं वजन कळतच नाही. काठी मागे वाकली तरच पुढे फेकते. शिवाय मासा लागल्यावर काठीनं थोडं नमतं घ्यावं लागतं. क्रँकबेटचे तीन आकड्यांचे गळ बारीक असतात. काठी नमली तर माशाला आमिष नीट तोंडात घ्यायला अवधी मिळतो आणि त्याच्या झटक्यानं गळ ओठ फाडून निघत नाही. हे सगळं मला आधी कळलं असतं तर पैसे वाचले असते.

दुसरी काठी आम्ही काचतंतूची घेतली, सात फुटी, मध्यापासून वाकणारी. काठीवर बुडाशी ती किती ग्रॅमचं आमिष फेकू शकते ते छापलेलं असतं. या वेळी चष्मा लावून ते वाचलं आणि डबीतल्या माशाच्या वजनाशी ताडून पाहिलं. किंमत पहिलीच्या निम्मी.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी सकाळी आम्ही प्रीतिसंगमाच्या बरंच वर, कोयनेच्या काठावर गेलो. पहिल्याच फेकीत मासा पार पलीकडच्या लव्हाळ्यापाशी पडला. नातू लगेच रीळ फिरवू लागला. मी त्याला थांबवलं आणि आधी काठाजवळच्या उथळ पाण्यात बघायला सांगितलं. तिथे बोटाएवढ्या माशांचा थवा चालला होता, आणि त्यातला एक जरा तिरका पोहत होता.