पार्क चुंग-ही : स्वतःच्याच तटबंदीत संपलेले आयुष्य

दक्षिण कोरियात २०२० साली ‘द मॅन स्टँडिंग नेक्स्ट’ हा राजकीय थरारपट प्रदर्शित झाला. दिग्दर्शक वू मिन-हो यांच्या या चित्रपटात राष्ट्राध्यक्षांच्या हत्येपूर्वीच्या चाळीस दिवसांचे चित्रण आहे. पात्रांची नावे बदललेली असली, तरी कोरियातील प्रेक्षकांना ती ओळखायला क्षणभरही लागला नाही. ली ब्युंग-हुन यांनी साकारलेला गुप्तचर प्रमुख म्हणजे किम जे-ग्यू आणि त्याच्या गोळीला बळी पडलेले राष्ट्राध्यक्ष म्हणजे पार्क चुंग-ही. सलग अठरा वर्षे देशावर राज्य करणाऱ्या या नेत्यावर त्यांच्याच गुप्तचर प्रमुखाने २६ ऑक्टोबर १९७९ रोजी, जेवणाच्या बैठकीत गोळ्या झाडल्या. सर्वांत जवळच्या माणसाने असे का करावे, या प्रश्नाचे उत्तर केवळ त्या चाळीस दिवसांत सापडत नाही. त्यासाठी पार्क यांचे सारे आयुष्यच पाहावे लागते.

शिक्षक ते सैनिक

पार्क यांचा जन्म १४ नोव्हेंबर १९१७ रोजी कोरियाच्या आग्नेय भागातील गुमी परिसरात एका गरीब शेतकरी कुटुंबात झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे होते. त्या वेळी कोरिया जपानच्या अधिपत्याखाली होता. हुशार पार्क यांना देगू येथील अध्यापक विद्यालयात प्रवेश मिळाला आणि पुढे मुनग्योंग येथील प्राथमिक शाळेत ते शिक्षक झाले. मात्र त्यांचा ओढा लष्कराकडे होता. १९४० साली ते मांचुरियातील जपानपुरस्कृत राजवटीच्या लष्करी विद्यालयात दाखल झाले. तेथे पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाल्यावर त्यांना जपानच्या लष्करी विद्यालयात पाठवण्यात आले. ताकागी मासाओ हे जपानी नावही त्यांनी धारण केले होते. परकी सत्तेच्या सैन्यातील ही सेवा त्यांचे टीकाकार आजही विसरलेले नाहीत.

१९४५ साली जपानचा पराभव झाला आणि कोरिया मुक्त होतानाच दुभंगला. मायदेशी परतलेले पार्क १९४६ साली दक्षिणेत नव्याने उभ्या राहणाऱ्या सैन्यात दाखल झाले. त्यांच्याच तुकडीत त्यांच्या भागातील, वयाने नऊ वर्षांनी लहान असलेला एक तरुण होता. त्याचे नाव किम जे-ग्यू. दोघांचे संबंध येथूनच सुरू झाले.

त्याच वर्षी देगूमध्ये उसळलेल्या उठावात पार्क यांचे डाव्या विचारांचे थोरले बंधू मारले गेले. १९४८ साली यॉसू आणि सुनचॉन भागातील लष्करी बंडानंतर सैन्यातील कम्युनिस्टांची धरपकड झाली आणि पार्क यांनाही अटक झाली. लष्करी न्यायालयाने त्यांना जन्मठेप ठोठावली. त्यांनी तपास अधिकाऱ्यांना सैन्यातील गुप्त जाळ्याची माहिती दिली, काही वरिष्ठांनीही त्यांच्यासाठी रदबदली केली आणि त्यांची सुटका झाली. १९५० साली कोरियन युद्ध पेटल्यावर ते पुन्हा सेवेत आले आणि पुढे ब्रिगेडियर जनरलच्या पदापर्यंत पोहोचले. सहकाऱ्यांची माहिती देऊन वाचलेला हा अधिकारी पुढे माहिती आणि संशय यांच्याच बळावर राज्य करणार होता.

सत्ता आणि कारखाने

१९६० साली विद्यार्थ्यांच्या आंदोलनामुळे राष्ट्राध्यक्ष सिंगमन री यांना पायउतार व्हावे लागले. त्यानंतर आलेले लोकनियुक्त सरकार जेमतेम वर्षभर टिकले. १६ मे १९६१ च्या पहाटे पार्क यांच्या नेतृत्वाखालील सैनिकांनी सोल शहरात प्रवेश करून सत्ता हाती घेतली. महिनाभरातच पार्क यांच्या पुतणीचे पती किम जोंग-पिल यांनी गुप्तचर संस्था स्थापन केली. केसीआयए या नावाने ओळखली जाणारी ही संस्था परदेशातील हेरगिरीबरोबरच देशातील राजकारणी, पत्रकार आणि विद्यार्थी यांच्यावरही पाळत ठेवत असे. सोलमधील नामसान टेकडीच्या परिसरात तिचे चौकशी कक्ष होते. कालांतराने नामसान हे टेकडीचे नाव भीतीचा समानार्थी शब्द बनले. चित्रपटाचे मूळ कोरियन शीर्षकही नामसानच्या प्रमुखांवरच आहे.

१९६३ साली पार्क यांनी लष्करी गणवेश उतरवून निवडणूक लढवली आणि सुमारे दीड लाख मतांच्या अल्प फरकाने ती जिंकली. त्यांनी आर्थिक विकासालाच राज्याचे मुख्य ध्येय मानले. पंचवार्षिक योजना आखल्या गेल्या, बँका सरकारच्या नियंत्रणात आल्या आणि निर्यात करणाऱ्या उद्योगांना स्वस्त कर्जे मिळू लागली. १९६५ साली तीव्र विरोध मोडून काढत त्यांनी जपानशी संबंध पूर्ववत केले. त्यातून ३० कोटी डॉलरचे अनुदान आणि २० कोटी डॉलरचे सरकारी कर्ज मिळाले. अमेरिकेच्या बाजूने व्हिएतनाममध्ये लढण्यासाठी पुढील काही वर्षांत ३ लाखांहून अधिक कोरियन सैनिक गेले. खाणकामगार आणि परिचारिका पश्चिम जर्मनीत गेल्या. त्यांनी घरी पाठवलेल्या पैशाचाही देशाला हातभार लागला.

१९७० साली सोल ते बुसान हा ४२८ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग खुला झाला. त्याच्या बांधकामात ७७ जणांनी प्राण गमावले. १९७३ साली पोहांगच्या पोलाद कारखान्यातून उत्पादन सुरू झाले. ग्रामीण भागात नवा गाव चळवळ सुरू झाली. गावोगावी सिमेंटची पोती वाटण्यात आली आणि गवताच्या छपरांच्या जागी कौले व पत्रे आले. १९६४ साली देशाची वार्षिक निर्यात १० कोटी डॉलर होती. १९७७ साली ती १,००० कोटी डॉलरवर गेली. पार्क यांच्याविषयी आजही आदर बाळगणाऱ्या ज्येष्ठ कोरियन नागरिकांना प्रथम आठवते ते हेच परिवर्तन.

या प्रगतीचे ओझे ज्यांच्या खांद्यावर होते, त्यांची अवस्था मात्र बिकट होती. १३ नोव्हेंबर १९७० रोजी सोलच्या कापड बाजारातील चॉन ते-इल या २२ वर्षांच्या शिवणकामगाराने कामगार कायद्यांची अंमलबजावणी व्हावी, या मागणीसाठी स्वतःला पेटवून घेतले. त्याच्या मृत्यूने कोरियातील कामगार चळवळीला नवे वळण मिळाले.

एकेक दार बंद

राज्यघटनेनुसार राष्ट्राध्यक्षांना दोनच कार्यकाल मिळत असत. १९६९ साली पार्क यांनी घटनेत बदल करून तिसऱ्या कार्यकालाची वाट मोकळी केली. १९७१ च्या निवडणुकीत विरोधी पक्षाचे तरुण नेते किम दे-जुंग यांना ४५ टक्क्यांहून अधिक मते मिळाली. मतपेटीतून आपण पराभूत होऊ शकतो, याची जाणीव पार्क यांना झाली असावी. १७ ऑक्टोबर १९७२ रोजी त्यांनी लष्करी कायदा पुकारला, संसद विसर्जित केली आणि युशिन या नावाची नवी राज्यघटना आणली. राष्ट्राध्यक्षांची थेट निवडणूक संपली, कार्यकालांची मर्यादा गेली आणि संसदेतील एकतृतीयांश सदस्य नेमण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षांकडे आला. त्या वर्षअखेरीस २,३५९ प्रतिनिधींच्या मंडळाने मतदान केले. पार्क यांना २,३५७ मते मिळाली आणि उरलेली २ मते बाद ठरली.

१९७३ साली किम दे-जुंग यांचे टोकियोतील हॉटेलमधून अपहरण झाले. त्यामागे केसीआयए होती. एप्रिल १९७५ मध्ये राजवट उलथवण्याच्या कटाच्या आरोपावरून आठ जणांची फाशी सर्वोच्च न्यायालयाने कायम केली आणि दिवस उलटण्याआधीच ती अमलात आणली गेली. २००७ साली फेरसुनावणीत हे आठही जण निर्दोष ठरले.

या काळात पार्क यांच्या घरावरही आघात झाला. १५ ऑगस्ट हा भारताप्रमाणेच कोरियाचाही मुक्तिदिन आहे. १९७४ च्या या दिवशी सोलच्या राष्ट्रीय नाट्यगृहात पार्क यांचे भाषण सुरू असताना जपानमध्ये वाढलेल्या मून से-ग्वांग या कोरियन तरुणाने त्यांच्या दिशेने गोळ्या झाडल्या. नेम चुकला आणि व्यासपीठावर बसलेल्या त्यांच्या पत्नी युक यंग-सू यांना गोळी लागली. त्यांना रुग्णालयात नेल्यावर पार्क यांनी राहिलेले भाषण पूर्ण केले. त्याच दिवशी सायंकाळी युक यंग-सू यांचे निधन झाले. त्यानंतर पार्क अधिकच एकाकी आणि संशयी झाले, असे त्यांच्या निकटवर्तीयांनी नमूद केले आहे. मुलगी पार्क ग्युन-हे फ्रान्समधील शिक्षण सोडून परतली आणि राष्ट्राच्या प्रथम महिलेची जबाबदारी तिच्यावर आली. सुरक्षा प्रमुखपदी चा जी-चोल यांची नेमणूक झाली आणि राष्ट्राध्यक्षांपर्यंत कोणी पोहोचायचे, हे तेच ठरवू लागले.

शेवटचे दोन आठवडे

१९७८ च्या संसदीय निवडणुकीत विरोधी पक्षाला सत्ताधारी पक्षाहून अधिक मते मिळाली. नेमलेल्या सदस्यांमुळे सत्तेला धोका नव्हता. पण जनमत कोणीकडे झुकले आहे, हे स्पष्ट झाले होते. ऑगस्ट १९७९ मध्ये विरोधी पक्षाच्या मुख्यालयात आश्रय घेतलेल्या विगनिर्मिती कारखान्यातील महिला कामगारांवर पोलिसांनी कारवाई केली. त्यात एका तरुणीचा मृत्यू झाला. ४ ऑक्टोबरला विरोधी पक्षनेते किम यंग-साम यांची संसदेतून हकालपट्टी झाली. त्याच सुमारास, परदेशात पार्क यांच्याविरुद्ध साक्ष दिलेले केसीआयएचे एक माजी प्रमुख पॅरिसमधून बेपत्ता झाले. १६ ऑक्टोबरला बुसान शहरात विद्यार्थी रस्त्यावर उतरले, नागरिकही त्यांना येऊन मिळाले आणि आंदोलन मसानपर्यंत पसरले.

१९७६ पासून केसीआयएच्या प्रमुखपदी असलेले किम जे-ग्यू स्वतः बुसानला गेले. हा मूठभर विद्यार्थ्यांचा दंगा नसून सामान्य जनतेचा रोष आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. राष्ट्राध्यक्ष आणि चा जी-चोल यांना मात्र कठोर बळाचा वापरच योग्य वाटत होता, असे किम यांनी पुढे न्यायालयात सांगितले.

२६ ऑक्टोबरला सकाळी पार्क यांनी सापग्यो येथील समुद्रबांधाचे उद्घाटन केले. सायंकाळी ब्लू हाऊस या अध्यक्षीय निवासाजवळच्या केसीआयएच्या गुप्त वास्तूत ते जेवणासाठी बसले. सोबत किम जे-ग्यू, चा जी-चोल, मुख्य सचिव, एक गायिका आणि एक तरुणी होती. बुसानचा विषय निघाला आणि गुप्तचर खात्याच्या ढिलाईवर टीका झाली. किम बाहेर गेले, पिस्तूल घेऊन परतले आणि त्यांनी चा जी-चोल व पार्क यांच्यावर गोळ्या झाडल्या. पिस्तूल अडकताच त्यांनी दुसरे मिळवले आणि दोघांनाही संपवले. त्या रात्री राष्ट्राध्यक्षांसह सहा जण ठार झाले. पार्क तेव्हा ६१ वर्षांचे होते.

किम यांनी शेजारच्या इमारतीत लष्करप्रमुखांना आधीच बोलावून ठेवले होते. त्यांना मोटारीत घेऊन निघाल्यावर केसीआयएच्या कार्यालयाऐवजी लष्कराच्या मुख्यालयाकडे जाण्याचा निर्णय झाला आणि तेथेच डाव उलटला. मध्यरात्रीनंतर किम यांना अटक झाली. आपण लोकशाहीसाठी हे केले, असे ते न्यायालयात सांगत राहिले. तपास अधिकाऱ्यांनी मात्र त्यांच्यावर सत्तेच्या लोभाचा ठपका ठेवला. २४ मे १९८० रोजी त्यांना फाशी देण्यात आली.

हत्येनंतरचा कोरिया

एका माणसाच्या मृत्यूने लोकशाही आली नाही. हत्येचा तपास करणारे जनरल चुन दू-ह्वान यांनीच १२ डिसेंबर १९७९ रोजी लष्करावर ताबा मिळवला आणि मे १९८० मध्ये ग्वांगजूचे आंदोलन रक्तात बुडवले. थेट निवडणुकीचा हक्क कोरियन जनतेने १९८७ साली रस्त्यावर उतरून परत मिळवला. पुढे किम यंग-साम आणि किम दे-जुंग दोघेही राष्ट्राध्यक्ष झाले. २०१३ साली पार्क ग्युन-हे यांनीही मतपेटीच्या मार्गाने ते पद मिळवले. २०१७ साली न्यायालयाने त्यांना पदच्युत केले, तेव्हा महाभियोग आणि लाखोंच्या शांततामय मोर्चांचा मार्ग उपलब्ध होता. त्यासाठी एकही गोळी झाडावी लागली नाही.

पार्क यांच्याविषयीचा वाद अजून मिटलेला नाही. २००५ साली या हत्येवरील इम सांग-सू यांच्या चित्रपटातील सुमारे चार मिनिटांची वृत्तदृश्ये न्यायालयाच्या आदेशाने वगळावी लागली होती. २०२५ साली किम जे-ग्यू यांच्या खटल्याची फेरसुनावणी सोलमध्ये सुरू झाली. किम देशभक्त होते की मारेकरी, यावर कोरियात आजही मतभेद आहेत. निवडणूक, संसद, वृत्तपत्रे आणि न्यायालये यांचे दरवाजे पार्क यांनी एकामागून एक बंद केले. सत्ता बदलण्याचा कोणताही सनदशीर मार्ग उरला नाही, तेव्हा जो बदल झाला तो त्यांच्याच जेवणाच्या मेजापाशी झाला.