पवित्र शास्त्राचे भाषांतरकार संत जेरोम

रविवारच्या मिस्सावाचनात एक्कावन्नाव्या स्तोत्राचे १२वे वचन सांगितलेले असते. आणि घरी येऊन बायबल सोसायटीचे पवित्र शास्त्र उघडावे, तर शुद्ध हृदयाची ती प्रार्थना १०व्या वचनात सापडते. छापणाराची चूक समजून भाविक पुस्तक मिटतो. वास्तविक चूक कोणाचीच नाही. हिब्रू पद्धतीत स्तोत्राच्या मथळ्यासही वचनांचे अंक दिलेले आहेत, इंग्रजी वळणाच्या ग्रंथांत ते दिलेले नाहीत, एवढाच हा भेद. निरवांगीकडच्या शेतकऱ्यास हे फार समजावून सांगावयास नको. एकत्रीकरणानंतर रानाचा जुना सर्व्हे नंबर निराळा झाला व गट नंबर निराळा; एकावरून दुसरा काढावयाचा तर दप्तर पाहावे लागते. पवित्र ग्रंथाचे असे दप्तर लॅटिन ख्रिस्तसभेच्या हाती देणारे थोर पुरुष म्हणजे संत जेरोम होत.

त्यांचा जन्म इ. स. ३४५च्या सुमारास दाल्मातियाच्या सीमेवरील स्त्रिदोन गावी झाला. रोम येथे दोनातुस ह्या विख्यात व्याकरणकाराजवळ त्यांचे अध्ययन झाले व तेथेच त्यांनी स्नानसंस्कार घेतला. पुढे सिरियातील खाल्किसच्या अरण्यात तपश्चर्या करीत असता, मन आवरण्यासाठी त्यांनी ख्रिस्ती झालेल्या एका यहुद्याकडून हिब्रू शिकण्यास आरंभ केला. त्या घशातल्या उच्चारांनी त्यांस इतके छळले की, कित्येकदा त्यांनी अभ्यास टाकला व पुन्हा धरला. (आपल्याच जिल्ह्यात केडगावी पंडिता रमाबाईंनी उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकून शास्त्राचे मराठी भाषांतर केले. त्या आमच्या ख्रिस्तसभेतील नव्हत्या, तरी येथे त्यांचे स्मरण होणे साहजिक आहे.)

इ. स. ३८२ मध्ये जेरोम रोमला परतले. लॅटिन शुभवर्तमानाच्या प्रती त्या काळी एकमेकींशी जुळत नसत. म्हणून पोप दमासस ह्यांनी त्या ग्रीकवरून शुद्ध करण्याचे काम त्यांजवर सोपविले. जेरोम यांनी मजकूर तर शुद्ध केलाच, शिवाय युसेबियस ह्या बिशपांचे दहा तक्ते ग्रंथारंभी जोडले. आजचे अध्याय व वचने तेव्हा नव्हती. युसेबियसने मत्तयाचे ३५५ व योहानाचे २३२ खंड पाडले होते. प्रत्येक खंडाशेजारी त्याचा अंक काळ्या शाईने व त्याखाली तक्त्याचा अंक तांबड्या शाईने लिहावयाचा. मग तो तक्ता पाहिला की तीच कथा इतर शुभवर्तमानांत कोठे आहे, ते तत्काळ कळे. आज भाषांतरकारांच्या पॅराटेक्स्ट ह्या संगणकीय साधनात निरनिराळ्या अंकपद्धतींचे तक्ते असतात. एका ग्रंथातील ५१:१२ दुसऱ्यात ५१:१० म्हणून उघडते, ते असल्याच युक्तीने.

दमासस ३८४ मध्ये वारले. जेरोम यांची लेखणी मोठी तिखट होती, हे लपविण्यात अर्थ नाही. तिने दुखावलेल्यांनी त्यांस रोममध्ये राहणे कठीण केले. ३८६ मध्ये ते बेथलेहेमास स्थायिक झाले. पाउला ही कुलीन रोमन विधवा व तिची कन्या युस्तोखियम ह्याही तेथे आल्या व पाउलेच्या द्रव्याने मठ उभे राहिले.

तेथे त्यांनी स्तोत्रे ओरिगेनच्या ग्रंथावरून पुन्हा तपासली. ग्रीकमध्ये असून हिब्रूत नसलेल्या शब्दांस त्यांनी एक खूण केली, हिब्रूवरून भरलेल्यांस ताऱ्याची. नंतर थेट हिब्रूवरून नवे भाषांतरही केले. परंतु लोकांच्या तोंडी बसली होती ती आधीची स्तोत्रे, आणि मुखी बसलेली प्रार्थना कोण सोडतो! त्यामुळे लॅटिन उपासनेत ग्रीक क्रमच राहिला. त्या क्रमात ९वे व १०वे स्तोत्र एक झाले असल्याने मेंढपाळाचे २३वे स्तोत्र २२वे ठरले. पुढे १४७व्याचे दोन भाग असल्याने एकूण संख्या मात्र १५० भरते. १९७९च्या नव्या वल्गातमध्ये हिब्रू अंक स्वीकारला असून जुना कंसात दिला आहे.

दानियेलच्या ग्रंथात याहून मोठा पेच होता. भट्टीतील तीन तरुणांचे गीत हिब्रूत नाही. जेरोम यांनी ते थिओदोशनच्या ग्रीकवरून घेतले, त्यावर खूण केली, पण गाळले नाही. पुढे रोबेर एस्तियेन ह्या मुद्रकाने १५५१ ते १५५५ च्या दरम्यान वचनांस अंक दिले, तेव्हा वल्गातमध्ये तिसऱ्या अध्यायाची १०० वचने झाली. प्रोटेस्टंट ग्रंथांत ३०च आहेत. राजा भट्टीकडे पाहून चकित होतो, ते तेथे २४वे वचन, वल्गातमध्ये ९१वे.

बदल सर्वांस रुचला नाही. आफ्रिकेतील ओएया नगरात योनाच्या कथेतील वेलाचे नाव बदललेले ऐकताच मंदिरात एवढा गलका झाला की, बिशपांस आपली मंडळी गमावण्याची वेळ आली. संत अगस्तिन यांनी ४०३च्या सुमारास हे जेरोम यांस कळविले. जेरोम रागावले, पण आपला शब्द त्यांनी फिरविला नाही. ४०५च्या सुमारास हिब्रू ग्रंथांचे भाषांतर पुरे झाले. १५४६ मध्ये त्रेंतच्या धर्मसभेने वल्गातास प्रमाण मानले.

पाउला ४०४ मध्ये वारली. वार्धक्यात जेरोम यांची दृष्टी मंदावली, तरी लेखन थांबले नाही. यिर्मयाच्या ग्रंथावरील त्यांची टीका ३२व्या अध्यायापर्यंतच आली. ३० सप्टेंबर ४२० रोजी बेथलेहेम येथे ते प्रभूकडे गेले.