सोन्याला अचूकतेची शिस्त लावणारे डॉ. टॅगार्ट

रत्नागिरीसारख्या जिल्ह्याच्या शहरातही आता जबड्याच्या हाडात टायटॅनियमचे स्क्रू रोवून त्यांवर कृत्रिम दात बसवले जातात. अनेक स्क्रूंना जोडणारा धातूचा सांगाडा किती तंतोतंत बसतो, यावर या उपचाराचे यश बऱ्याच अंशी अवलंबून असते. तोंडात बसणारा धातू अचूक ओतण्याची विद्या दंतवैद्यकात रूढ केली ती डॉ. विल्यम टॅगार्ट यांनी. त्यांना कीर्ती लाभली. हक्क मात्र न्यायालयात टिकला नाही.

टॅगार्ट यांचा जन्म १८५५ सालचा. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात ते लहानाचे मोठे झाले आणि पुढे शिकागोत दंतवैद्य म्हणून नावारूपास आले. त्या काळी किडलेला दात सोन्याने भरायचा, तर सोन्याचा वर्ख थरावर थर देत ठोकून बसवावा लागे. मोठ्या पोकळीसाठी हे काम तासन् तास चाले आणि रुग्ण व वैद्य दोघांचीही कसोटी लागे.

टॅगार्ट यांनी यावर शोधलेला मार्ग मूर्तिकारांना प्राचीन काळापासून ठाऊक होता. मेणाची प्रतिमा करून तिच्यावर माती लिंपायची, मेण वितळवून काढायचे आणि रिकाम्या जागी धातू ओतायचा, ही रीत बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथातही सांगितली आहे. मात्र मूर्तीत केसभर फरक खपून जातो, दातात खपत नाही. टॅगार्ट यांनी दाताच्या पोकळीतच मेणाचा नमुना घडवला आणि वितळलेले सोने साच्याच्या कानाकोपऱ्यात पोहोचावे म्हणून दंतवैद्यांकडे भूल देण्यासाठी असणाऱ्या नायट्रस ऑक्साइड वायूच्या दाबाचा उपयोग केला. १५ जानेवारी १९०७ रोजी न्यूयॉर्क येथील दंतवैद्यांच्या सभेत त्यांनी ही पद्धत मांडली आणि अल्पावधीतच ती सर्वत्र पसरली.

टॅगार्ट यांनी तिचे पेटंट घेतले होते. पण पेटंटच्या शुल्काविषयी अमेरिकी दंतवैद्यांच्या मनात जुना सल होता. रबराच्या कवळ्यांचे पेटंट बाळगणाऱ्या कंपनीने अनेकांवर खटले भरले होते आणि त्या संतापात १८७९ साली तिचे खजिनदार जोसाया बेकन यांचा एका दंतवैद्याने खून केला होता. टॅगार्ट यांनाही शुल्क देण्याऐवजी अनेकांनी स्वतःची ओतयंत्रे बनवली. प्रकरण न्यायालयात गेले. आयोवा राज्यातील डॉ. फिलब्रुक यांनी सुमारे दहा वर्षे आधीच अशी पद्धत वर्णन केल्याचे उघड झाले आणि अखेर पेटंट टिकले नाही. १९३३ साली टॅगार्ट यांचे निधन झाले.

त्यांच्या पद्धतीतील मुख्य अडचण होती ती निवताना आकसणाऱ्या सोन्याची. ही घट सुमारे दीड टक्का भरते. छोट्या भरावात ती नगण्य वाटते. पाच सेंटिमीटर लांबीच्या सांगाड्यात तीच पाऊण मिलिमीटर होते. म्हणून तापल्यावर तितकाच प्रसरण पावणारा साचा तयार करण्यासाठी पुढील संशोधकांनी कित्येक वर्षे खर्ची घातली.

स्वीडनचे डॉ. ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णावर टायटॅनियमचे दंतरोपण केल्यानंतर ही अडचण अधिकच गंभीर झाली. नैसर्गिक दात आणि हाड यांच्यामध्ये तंतूंची पातळ गादी असते. ती थोडीफार चूक सोसते. हाडाशी एकजीव झालेला स्क्रू जवळजवळ हलत नाही. सांगाडा ताणून बसवला, तर तो ताण कायम राहतो. स्क्रू सैल होतात, प्रसंगी तुटतातही. त्यामुळे ओतलेला लांब सांगाडा मध्येच कापून तोंडातील स्थितीप्रमाणे पुन्हा डाक देऊन जोडण्याची रीत आली.

आता असे बरेचसे सांगाडे संगणकाच्या साहाय्याने अखंड ठोकळ्यातून कोरले जातात. तरीही सांगाडा स्क्रूंवर कोणताही ताण न देता बसतो की नाही, हे वैद्याला प्रत्येक रुग्णाच्या तोंडात तपासावेच लागते.