चित्रशाळेतून कारखान्याकडे : कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर

आपल्या शिष्यवृत्ती निधीकडे दरवर्षी जे अर्ज येतात, त्यांत चित्रकलेचा विद्यार्थी क्वचितच असतो. आणि असलाच तर, चित्रे काढून याचे पोट कसे भरणार, असा प्रश्न निघतो. इतरांना दोष कशाला द्यावा? शिक्षक असताना परीक्षा जवळ आली की ड्रॉइंगचा तास आम्हीच गणितासाठी मागून घेत असू. म्हणूनच यंदाच्या स्मरणिकेसाठी कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे चरित्र आम्ही मुद्दाम निवडले आहे.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी. मुलाचे मन मात्र पाठांतरात रमेना. त्याला चित्रे आणि यंत्रे यांचीच ओढ. वडिलांच्या मनाविरुद्ध, परंतु थोरले बंधू रामूअण्णा यांच्या आधारावर, त्यांनी मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला. तेथे काही काळाने ध्यानात आले की, त्यांना काही रंगांतील भेद नीट ओळखता येत नाही. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणावर याहून मोठा आघात कोणता? दुसरा कोणी निराश होऊन गावी परतला असता. लक्ष्मणरावांनी रंग सोडले, पण रेषा सोडली नाही. ते यंत्रांची रेखाटने शिकले, आणि त्याच विद्येवर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले.

ही विद्या दिसावयास लहान, पण तिची करामत मोठी. यंत्राचा भाग आधी कागदावर मापात उतरतो, त्यावरून लाकडी नमुना होतो, नमुन्यावरून साचा आणि साच्यात ओतीव लोखंड. ज्याला कागदावर अचूक रेषा काढता येते, त्याला परदेशी यंत्र नुसते विकत घेऊन भागवावे लागत नाही. ते घडविता येते.

नोकरी करीत असतानाच ते मुंबईहून बेळगावास सायकली पाठवीत व रामूअण्णा त्या विकीत. पुढे बढतीच्या वेळी त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थास ती जागा मिळाली, तेव्हा त्यांनी नोकरीस रामराम ठोकला. बेळगावात कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर तयार होऊ लागले. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली! ती दोन वर्षे त्या कुटुंबाने कशी काढली असतील, याची कल्पना ज्यांनी उधारीवर संसार केला आहे त्यांना येईल.

इतक्यात शहराच्या वाढीसाठी नगरपालिकेने कारखान्याची जागा मागितली. या प्रसंगी धावून आले औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी. ते स्वतः चित्रकार होते, हा योगायोग आम्हांस फार गोड वाटतो. त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची 32 एकर जमीन आणि कर्जाऊ रक्कम दिली. जमीन कसली, निवडुंग आणि सापांचे माहेरघर! 1910 साली तेथे वस्ती उभी राहिली. गुन्हेगार म्हणून शिक्षा भोगलेल्यांनाही लक्ष्मणरावांनी रखवालदार नेमले. पुतणे शंकरराव चित्रकला शिकून आलेले. 1920 पासून निघालेल्या ‘किर्लोस्कर’ मासिकाची धुरा त्यांनी वाहिली.

लक्ष्मणराव 26 सप्टेंबर 1956 रोजी निवर्तले. जन्मशताब्दीस, 1969 साली, भारतीय टपाल खात्याने त्यांचे तिकीट काढले. कुंडल रोड स्थानकाचे नावही पुढे किर्लोस्करवाडी झाले.