चीनचा कायदा इंग्रजीत आणणारा स्टॉन्टन चीनविरुद्धच्या युद्धाच्या बाजूने का उभा राहिला?

नोव्हेंबर १७८४. मुंबईहून गेलेलं 'लेडी ह्यूज' हे जहाज चीनमध्ये कँटनजवळच्या व्हाम्पोआ इथे नांगर टाकून उभं होतं. जहाजावरून सलामीची तोफ उडाली आणि जवळच्या होडीतले दोन चिनी नावाडी त्यात दगावले. कुणाला मारायचा इरादा नव्हता. पण चिनी अधिकाऱ्यांनी तोफ डागणाऱ्या खलाशाला ताब्यात मागितलं. इंग्रजांनी टाळाटाळ केली, तेव्हा जहाजावरच्या मालाचा कारभारी जॉर्ज स्मिथ याला पकडण्यात आलं आणि सगळा व्यापार ठप्प झाला. शेवटी खलाशी स्वाधीन केला गेला. जानेवारी १७८५ मध्ये गळा आवळून त्याला मृत्युदंड देण्यात आला.

कँटनच्या इंग्रजांनी ही गोष्ट पुढची कित्येक वर्षं विसरली नाही. चीनमध्ये कायदा नाहीच, जिवाच्या बदल्यात जीव एवढंच तिथे चालतं, असं ते एकमेकांना सांगत राहिले. खरी अडचण वेगळी होती. चीनचा कायदा कलमवार लिहिलेला होता, छापलेला होता, बाजारात विकतही मिळत होता. तो वाचता येणारा एकही माणूस ईस्ट इंडिया कंपनीकडे नव्हता.

तो माणूस तेव्हा इंग्लंडमध्ये तीन वर्षांचा होता. त्याचं नाव जॉर्ज थॉमस स्टॉन्टन.

जहाजावरची शाळा

जॉर्जचा जन्म २६ मे १७८१ चा. वडील जॉर्ज लिओनार्ड स्टॉन्टन हे पेशाने डॉक्टर, पण त्यांची कारकीर्द घडली ती मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड मॅकार्टनी यांच्या हाताखाली. १७८४ साली मंगळूरला टिपू सुलतानाशी तह झाला, त्या वाटाघाटींत हे थोरले स्टॉन्टन होते. पुढे ब्रिटिश सरकारने मॅकार्टनींना चीनच्या बादशहाकडे वकील म्हणून पाठवायचं ठरवलं, तेव्हा त्यांनी आपल्या या जुन्या सहकाऱ्याला बरोबर घेतलं आणि त्याने आपल्या मुलाला.

दुभाषा कुठून आणायचा हा प्रश्न होता. ब्रिटनमध्ये चिनी जाणणारा कुणी मिळेना. शेवटी थोरले स्टॉन्टन इटलीत नेपल्सला गेले. तिथे चिनी तरुणांना कॅथलिक धर्मगुरू बनवणारं एक विद्यालय होतं. तिथून दोन चिनी धर्मगुरू जहाजावर आले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, त्यामुळे बोलणं चालायचं लॅटिनमध्ये. सप्टेंबर १७९२ मध्ये जहाजं निघाली. वाटेत अकरा वर्षांचा जॉर्ज त्यांच्याकडून चिनी शिकला, तीही लॅटिनच्या आधाराने. बरोबरच्या मोठ्या माणसांनी या भाषेशी फारशी झटापट केली नाही.

चीनमध्ये पोचल्यावर या पोराचा खराच उपयोग झाला. वकिलातीची पत्रं चिनीत लिहून द्यायला तिथले लेखनिक घाबरत, कारण अक्षर ओळखलं गेलं तर मान जाण्याची भीती. मग त्या पत्रांची स्वच्छ प्रत जॉर्जच्या हातची असायची. १४ सप्टेंबर १७९३ ला जेहोल इथे बादशहा छियानलाँगची भेट झाली. बादशहाचं वय ८१. वकिलातीत कुणाला चिनी बोलता येतं का, अशी त्याने चौकशी केली आणि बारा वर्षांच्या जॉर्जला पुढे आणलं गेलं. त्याचे दोन शब्द ऐकून खूश झालेल्या बादशहाने कमरेची पिवळी रेशमी सुपारीची पिशवी काढून त्याला दिली. वकिलात मात्र हात हलवत परतली. व्यापाराच्या एकाही मागणीला होकार मिळाला नाही.

चोरून शिकण्याची भाषा

१७९८ साली स्टॉन्टनला ईस्ट इंडिया कंपनीच्या कँटनच्या वखारीत लेखनिकाची नोकरी मिळाली. त्या काळी परदेशी व्यापाऱ्यांना सगळ्या चीनमध्ये हे एकच बंदर खुलं होतं. तेही फक्त व्यापाराच्या हंगामात आणि शहराच्या तटाबाहेरच्या वखारींपुरतं. हंगाम संपला की सगळ्यांनी बाडबिस्तरा आवरून पोर्तुगीजांच्या मकावला जायचं. उन्हाळ्याचे ते रिकामे महिने बहुतेकजण पत्ते खेळण्यात घालवत. भाषा शिकायची इच्छा असलेल्याला मात्र ती मोठीच सुट्टी होती.

पण शिकवणार कोण? जेम्स फ्लिंट या कंपनीच्या माणसाने १७५९ मध्ये कँटनच्या अधिकाऱ्यांविरुद्ध थेट बादशहाकडे चिनी भाषेत तक्रारअर्ज नेला होता. फ्लिंटला तीन वर्षं मकावमध्ये कैदेत ठेवलं गेलं. अर्ज लिहायला मदत करणाऱ्या ल्यू याब्यान या चिनी माणसाचा शिरच्छेद झाला. तेव्हापासून परदेशी माणसाला चिनी शिकवणं हे जिवावरचं काम होतं. स्टॉन्टनच्या अभ्यासाच्या गोष्टीत ही बाजू सहसा सांगितली जात नाही. चूक झालीच तर तो मायदेशी परतणार होता, त्याच्या शिक्षकांना तसं कुठे जाता येणार नव्हतं.

१८०० साली 'प्रॉव्हिडन्स' या आरमारी जहाजावरून झालेल्या गोळीबारात एक चिनी माणूस जखमी झाला आणि पुन्हा 'लेडी ह्यूज'ची वेळ येते की काय अशी धास्ती पसरली. या प्रकरणात स्टॉन्टनने दुभाष्याचं काम केलं. अधिकारी जे बोलतात त्यामागे ठरलेली कलमं असतात, हे त्याला इथे जवळून दिसलं. त्याने कायद्याचं पुस्तकच मिळवलं आणि वाचायला बसला.

पुस्तकात होतं तरी काय?

पुस्तकाचं नाव 'ता चिंग ल्यू ली'. चिंग घराण्याचा हा मूळ कायदा. 'ल्यू' म्हणजे मूळ कलमं, एकूण ४३६. ती जवळजवळ अढळ. 'ली' म्हणजे वेळोवेळी जोडत गेलेले पोटनियम. सुरुवातीला सर्वसाधारण तत्त्वं आणि मग सरकारच्या सहा खात्यांप्रमाणे सहा भाग: अधिकारी, महसूल, विधी, लष्कर, शिक्षा आणि बांधकाम.

शिक्षांची चढती पायरी ठरलेली होती. बांबूच्या छडीचे १० ते ५० फटके, मग जाड छडीचे ६० ते १००, मग एक ते तीन वर्षं सक्तमजुरी, मग दोन ते तीन हजार 'ली' अंतरावर हद्दपारी (हा 'ली' वेगळा, लांबी मोजायचा), आणि शेवटी गळा आवळून किंवा शिरच्छेद करून मृत्यू. यांपैकी गळा आवळणं सौम्य मानलं जाई, कारण देह अखंड राहतो.

न्यायाधीशाने मनाला येईल ती शिक्षा द्यायची नाही, त्याने कलम दाखवायचं. चुकीचं कलम लावलं तर शिक्षा त्यालाच. त्याच वेळी 'करू नये ते केलं' अशा सर्वसाधारण आरोपाखाली ४० फटके, गंभीर असेल तर ८०, अशीही एक सोय होती. त्यात काहीही बसवता येई. गुन्हा उघडकीला येण्याआधी स्वतः कबूल केला तर बऱ्याच बाबतींत माफी होती.

सगळ्यात चक्रावून टाकणारा भाग नात्यांचा. कोण कुणासाठी किती काळ सुतक पाळतो याचे तक्ते कायद्याच्या पुस्तकातच होते, कारण शिक्षा त्यावर ठरायची. बापाने मुलाला मारलं तर एक हिशोब, मुलाने बापावर हात उगारला तर थेट शिरच्छेद. जवळच्या नातेवाइकाचा गुन्हा लपवणं चालत असे. उलट आईबापांविरुद्ध फिर्याद केली तर ती खरी असूनही १०० फटके आणि तीन वर्षं सक्तमजुरी.

आणि 'लेडी ह्यूज'च्या खलाशाचं काय? पुस्तकात त्याचंही उत्तर होतं. केवळ अपघाताने माणूस मेला तर मृतांच्या कुटुंबाला दंड भरून सुटण्याची तरतूद कायद्यात होती. म्हणजे त्या खलाशाला वाचवण्यासाठी बोट ठेवता येईल असं कलम होतं. ते वाचता येत नव्हतं एवढंच.

याच कलमाचा चमत्कार १८०७ मध्ये दिसला. 'नेपच्यून' जहाजाच्या खलाशांनी कँटनमध्ये दंगा केला आणि त्यात एक चिनी माणूस मेला. ५२ खलाशांची चौकशी कंपनीच्या वखारीतच भरली. चिनी न्यायाधीश समोर आणि इंग्रज अधिकाऱ्यांमध्ये स्टॉन्टन. एडवर्ड शीन नावाच्या खलाशावर ठपका आला. मग बीजिंगला अहवाल गेला की हा गृहस्थ माडीवरची खिडकी उघडत असताना हातातलं लाकूड निसटलं आणि खालून जाणाऱ्याच्या डोक्यात पडलं! निकाल अपघाताचा, दंड सुमारे १२ तैल चांदी. ही कहाणी रचण्यासाठी जहाजाला हमी राहिलेल्या चिनी व्यापाऱ्याला भरपूर पैसा ओतावा लागला होता. स्टॉन्टनने या खटल्याची कागदपत्रं पुढे आपल्या पुस्तकाच्या परिशिष्टात दिली. पुस्तकातला कायदा आणि कँटनमधला कायदा यांतलं अंतर त्याने लपवलं नाही, हे त्याच्या बाजूने म्हणावंच लागेल.

त्याचं भाषांतर १८१० साली लंडनमध्ये छापलं गेलं. सगळी मूळ कलमं आणि निवडक पोटनियम. दोनच वर्षांत त्यावरून फ्रेंच आणि इटालियन आवृत्त्या निघाल्या. 'एडिंबरो रिव्ह्यू'ने इतर आशियाई ग्रंथांना नाकं मुरडत या कायद्याच्या नीटनेटकेपणाची मात्र तारीफ केली. योगायोग असा की त्याच १८१० साली कोलकात्यात हेन्री कोलब्रूकने 'मिताक्षरे'च्या वारसाहक्काच्या भागाचं इंग्रजी भाषांतर छापलं. महाराष्ट्रातल्या एकत्र कुटुंबांच्या वाटण्यांचे खटले इंग्रजी कोर्टात ज्या ग्रंथावर चालले, तोच हा. पुढे १८२३ मध्ये याच दोघांच्या पुढाकाराने लंडनची रॉयल एशियाटिक सोसायटी उभी राहिली आणि काही वर्षांनी मुंबईची जुनी लिटररी सोसायटी तिची शाखा बनली. कोलब्रूकच्या भाषांतरामागे राज्य चालवण्याची गरज होती. स्टॉन्टनचे वाचक चीनवर राज्य करत नव्हते. निदान तोवर तरी.

पार्लमेंटमधलं मत

१८१६ मध्ये लॉर्ड ॲमहर्स्टची दुसरी वकिलात बीजिंगला गेली, तेव्हा स्टॉन्टन तिच्यातला एक प्रमुख होता. बादशहापुढे तीनदा गुडघे टेकून नऊदा कपाळ जमिनीला लावायचं की नाही यावर घोळ झाला. करू नये, असं स्टॉन्टनचं मत पडलं. बादशहाची भेट न होताच वकिलात परत पाठवली गेली. १८१७ मध्ये त्याने चीन सोडला तो कायमचा. इंग्लंडमध्ये त्याने हॅम्पशायरला इस्टेट घेतली, बागेत चिनी पद्धतीच्या इमारती उभारल्या, लग्न केलं नाही आणि पार्लमेंटचा सभासद झाला. सभागृहात त्याची छाप फारशी पडत नसे. १८३३ मध्ये त्याने चीनच्या व्यापाराबद्दल ठराव मांडले, तर ऐकायला पुरेसे सभासदच उरले नाहीत आणि बैठक तहकूब झाली.

१८३९ मध्ये मात्र सगळ्यांचं लक्ष चीनकडे गेलं. आयुक्त लिन झेशू याने कँटनमध्ये अफूच्या वीस हजारांवर पेट्या जप्त करून नष्ट केल्या. ही अफू हिंदुस्थानातली होती, त्यातली माळव्याची मुंबई बंदरातून गेलेली. अफूच्या व्यापाऱ्यांसाठी, परदेशी असले तरी, देहदंडाचा नवा नियम आला. त्याच उन्हाळ्यात इंग्रज खलाशांच्या मारहाणीत कौलूनजवळ लिन वेईशी नावाचा गावकरी मेला आणि इंग्रज अधिकारी इलियटने आरोपी स्वाधीन करायला साफ नकार दिला. 'लेडी ह्यूज'ची आठवण अजून ताजी होती.

एप्रिल १८४० मध्ये पार्लमेंटमध्ये यावर वाद झाला. स्टॉन्टनला अफू आवडत नव्हती. ती बंद करण्याचा चीनला अधिकार आहे, हेही त्याला मान्य होतं. त्याचा आक्षेप कायद्याचाच होता: वर्षानुवर्षं अधिकाऱ्यांच्या संगनमताने चाललेल्या गोष्टीला एकाएकी देहदंड लावून तो आधीच तिथे असलेल्या माणसांवर चालवणं अन्यायाचं आहे. दुसरा मुद्दा साम्राज्याचा होता. चीनपुढे मान तुकवली तर हिंदुस्थानातली सत्ताही टिकणार नाही, असं त्याने बजावलं. त्याने युद्धाच्या बाजूने मत दिलं. सरकार २७१ विरुद्ध २६२, म्हणजे अवघ्या ९ मतांनी तरलं. चिनी कायदा सभागृहात सर्वांत जास्त जाणणाऱ्या माणसाचं वजन अशा वेळी कुठल्या पारड्यात पडतं, याला महत्त्व होतंच. तीन वर्षांनी अफूवर पुन्हा चर्चा झाली, तेव्हा ही चोरटी आयात नसती तर युद्धही झालं नसतं, हे त्याने मोकळेपणाने मान्य केलं.

युद्धात चीन हरला. १८४३ च्या करारांनी चीनमधल्या ब्रिटिश माणसावर चिनी कायदा चालणं बंद झालं. त्याच्यावर खटला चालवणार त्याचाच वकील, त्याच्याच कायद्याने. ही सवलत तब्बल १९४३ पर्यंत टिकली. ज्या कायद्याखाली आपली माणसं येतात म्हणून स्टॉन्टनने तो वाचायला घेतला, त्याखालून ती माणसं बाहेर काढली गेली. स्टॉन्टन १० ऑगस्ट १८५९ ला लंडनमध्ये वारला. तेव्हा ब्रिटन चीनशी दुसरं अफू युद्ध लढत होतं.

खुद्द चीनमध्ये तो जुना कायदा पुढे संपला. तो उरला हाँगकाँगमध्ये. तिथल्या चिनी रहिवाशांची लग्नं आणि वारसाहक्क ब्रिटिश न्यायालयं चिंग काळच्या कायद्याने आणि रूढीने ठरवत, आणि तो काय होता हे पाहताना स्टॉन्टनचं भाषांतरही उघडलं जाई. त्या कायद्याने चालत आलेली, लग्नाच्या बायकोखेरीज उपपत्नी ठेवण्याची मुभा हाँगकाँगमध्ये नव्याने मिळणं बंद झालं ते ऑक्टोबर १९७१ मध्ये.