बर्फावरून सायकलवर : याप एडन

आमच्या गावात बर्फ येतो तो लग्नसराईत, भुशात गुंडाळून, टेम्पोतून. त्या बर्फावरून माणूस धावतो आणि धावता धावता जगज्जेता होतो, हे कॉलेजात येईपर्यंत मला ठाऊक नव्हते. गेल्या पावसाळ्यात ग्रंथालयात खेळांविषयीचे एक जाडजूड पुस्तक चाळीत होतो. त्यात याप एडन हे नाव आले. बर्फावर जगज्जेता हाच आणि सायकलवरही हाच! मी रोज अकरा किलोमीटर सायकल मारीत कॉलेजला येतो, म्हणून असेल कदाचित, पण पान उलटायचे राहून गेले. दुसरे कारण असे की, पहिल्यांदा जग जिंकले तेव्हा एडन एकोणीस वर्षांचा होता. मीही आज एकोणीसचाच आहे. (तुलना तेवढ्यावरच थांबवावी, ही वाचकांना विनंती.)

वार्षिकात दरवर्षी थोर पुरुषांची चरित्रे येतात. एडनला थोर म्हणावे की नाही, हे मला अजून ठरविता आलेले नाही. तरीही लिहितो आहे.

त्याचा जन्म १९ ऑक्टोबर १८७३ रोजी हॉलंडच्या उत्तर भागातील ग्रोनिंगन येथे झाला. तो तान्हा असतानाच आई गेली. हारलेम शहराजवळच्या सांटपोर्ट गावी आजी-आजोबांनी त्याला वाढविले. हॉलंड हा सखल, कालव्यांचा देश. कडक हिवाळ्यात कालवे गोठतात आणि पाण्याचे रस्ते होतात. बुटांखाली लोखंडी पाती बांधून माणसे त्यावरून या गावाहून त्या गावाला जात. आपल्याकडे नदीकाठची पोरे जशी न शिकविता पोहतात, तशी तिकडची पोरे स्केटिंग करीत.

१८९२ साली स्केटिंगची आंतरराष्ट्रीय संघटना हॉलंडमध्येच स्थापन झाली आणि जानेवारी १८९३ मध्ये तिची पहिली अधिकृत जागतिक स्पर्धा आम्स्टरडॅमला भरली. या स्पर्धेची रीत मला फार आवडली. ५०० मीटर, १,५०० मीटर, ५,००० मीटर आणि १०,००० मीटर अशा चार शर्यती, आणि त्या काळच्या नियमाप्रमाणे चारांपैकी तीन जिंकील तोच जगज्जेता. दोन जिंकल्या तर त्या शर्यतींचा मान मिळे, पण जगज्जेतेपद कोणालाच नाही! आपल्या मैदानावर शंभर मीटर धावणारा आणि दहा हजार मीटर धावणारा यांची शरीरेही निराळी दिसतात. इथे मात्र एकाच माणसाने दोन दिवसांत झटकाही मारायचा आणि दमही टिकवायचा. एडनने पहिल्या तीन शर्यती जिंकल्या. दहा हजार मीटरची शर्यत नॉर्वेच्या ऑस्कार फ्रेड्रिकसनने नेली, पण तोवर निकाल लागलेला होता.

पुढच्या वर्षीचे जगज्जेतेपद नॉर्वेच्याच आयनार हाल्वोर्सनला मिळाले. पण त्याच १८९४ च्या हिवाळ्यात नॉर्वेतील हामार येथे एडनने ५,००० मीटर अंतर ८ मिनिटे ३७.६ सेकंदांत तोडले. हा विक्रम १९११ पर्यंत, म्हणजे तब्बल सतरा वर्षे टिकला. रशियाच्या निकोलाय स्त्रुन्निकोव्हने तो मोडला, तो सेकंदाच्या चार दशांशांनी. सतरा वर्षांत जगाने एवढीच मजल मारली! १८९५ ची स्पर्धा हामारलाच झाली. ती एडनने जिंकली आणि दहा हजार मीटरला १७ मिनिटे ५६ सेकंद असा नवा विक्रम केला.

आता सायकलकडे वळतो. बर्फ वितळला की स्केटिंगवाल्याने करायचे काय? मांड्यांचे बळ तर अंगात असतेच. कंबरेत वाकून, पाठ आडवी ठेवून वारा कापायची सवयही असते. स्केटिंगमध्ये एका पायाने रेटा देताना सारे शरीर दुसऱ्या पायावर तोलावे लागते, सायकलीवर पायांचा फेरा अखंड चालतो, एवढा फरक आहे. पण ज्या स्नायूंतून जोर येतो ते बरेचसे तेच. शिवाय काळही अनुकूल होता. हवा भरलेली धाव येऊन फार वर्षे झाली नव्हती, आणि युरोपच्या शहरांतून सायकल शर्यतींसाठी उतरत्या कडांची गोल मैदाने बांधली जात होती. तिकीट काढून लोक येत, बक्षिसाच्या रकमा लागत.

१८९४ साली अँटवर्पला सायकलिंगच्या जागतिक स्पर्धेत एडनने हौशी खेळाडूंची १० किलोमीटरची शर्यत जिंकली. १८९५ साली कोलोनला हौशींची स्प्रिंट शर्यतही त्याचीच. म्हणजे एकाच वर्षी हिवाळ्यात बर्फावर आणि उन्हाळ्यात सायकलवर तो जगात पहिला होता. वय एकवीस! या दोन खेळांची सोयरीक पुढेही टिकली. १९८८ साली पूर्व जर्मनीच्या क्रिस्टा रोटेनबुर्गरने कॅलगरीला स्केटिंगचे सुवर्णपदक आणि सेऊलला सायकलिंगचे रौप्यपदक मिळविले.

१८९६ मध्ये सेंट पीटर्सबर्गला एडनने चारही शर्यती जिंकल्या. तिसरे जगज्जेतेपद! वय अवघे बावीस. आणि इथेच त्याचे बर्फावरचे आयुष्य संपले. तो धंदेवाईक सायकलपटू झाला. जागतिक स्केटिंग ही हौशी खेळाडूंची. पैसा घेऊन खेळणाऱ्याला तिथे मज्जाव. बर्फावर पदक होते, सायकलीवर पैसा होता.

इथे मला थोडे घरचे सांगावे लागते. माझे मामा इनामाच्या कुस्त्या करीत. जत्रेतली मोठी कुस्ती त्यांची, फेटा त्यांचा, रोख रक्कमही त्यांची. आज गुडघे गेले आहेत आणि ते रात्रपाळीला राखणदारी करतात. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. त्यामुळे दोन वर्षे जेवताना एकच विषय असतो : शिकायचे की कमवायला लागायचे? वडिलांचेही चुकत नाही. घरात पैसा हवा आहे, आणि तो आज हवा आहे. पदवीनंतरचा पैसा कोणी पाहिला आहे? म्हणून एडनने बर्फ सोडला याबद्दल त्याला नावे ठेवायला माझी जीभ रेटत नाही. खेळाच्या पुस्तकांतून त्याच्याविषयी किंचित हळहळीचा सूर असतो, तो मला पटत नाही. हळहळणाऱ्याला बहुधा पगार असतो.

मात्र घडले ते असे. सायकलीवर तो पुन्हा कधी जगज्जेता झाला नाही. धंदेवाईकांत त्याच्या तोडीचे बरेच होते. काही वर्षे नाव चालले, पैसा आला तसा गेला. शर्यती सुटल्यावर हाती फारसे काही उरले नाही आणि पुढचे दिवस ओढगस्तीचे आले. परत बर्फाकडे जावे तर तो दरवाजा बंद.

१९२४ च्या जानेवारीत फ्रान्समध्ये शामोनी येथे पहिले हिवाळी ऑलिंपिक सामने सुरू झाले. त्यात स्केटिंगच्या शर्यती होत्या आणि त्याच चार अंतरांच्या. फिनलंडचा क्लास थुनबेर्ग तिथे गाजला. पन्नाशीतला एडन तेव्हा हयात होता. त्यानंतर वर्षभराने, २ फेब्रुवारी १९२५ रोजी, हारलेम येथे तो वारला.

१९६१ साली आम्स्टरडॅमला चारशे मीटर फेऱ्याचे कृत्रिम बर्फाचे मैदान तयार झाले. त्याला याप एडनचे नाव दिले आहे. तिथे बर्फासाठी थंडीची वाट पाहावी लागत नाही, यंत्राने तो गोठवितात.

मामांना मी ही सगळी हकीकत सांगितली. त्यांनी मला एकच विचारले, शेवटी त्याचे गुडघे कसे होते? हे कोणत्याच पुस्तकात लिहिलेले नाही.